लोणचेकाका नावाची बाई

मिझोहाता इत्सुएला बघण्याआधी मी तिचा आवाज ऐकला. ओसाकातल्या इमाझातोमध्ये एका चपलांच्या कारखान्याच्या माडीवर आमची कचेरी होती आणि मी डिंक मागायला खाली गेलो होतो. खाली रबराचे तळ कापणारी दोन यंत्रं दिवसभर धाडधाड करत. तिथली माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलत. तेवढ्या गोंगाटात वरून एका बाईचं बोलणं शब्दन् शब्द खाली आलं.

"पियानो येतो! टायपिंग येत नाही! चहा करीन, पण तो तुम्हाला आवडणार नाही!"

कारखान्यातल्या बायका हातातलं काम थांबवून छताकडे बघायला लागल्या. मी डिंक विसरून वर पळालो. आमचे मालक हिगाकी दोन्ही हात टकलावर ठेवून बसले होते. देवळातल्या बुद्धाने अचानक जांभई दिली तर भक्ताचं तोंड जसं होईल, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"तोकोरो," ते मला म्हणाले, "ही मला ऐकू येते रे! बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला नीट ऐकू येतंय. ठेवून घे हिला."

हिगाकींनी उमेदीची सगळी वर्षं पाचिंकोच्या अड्ड्यांत काढली होती. तिथली लोखंडी गोळ्यांच्या जुगाराची यंत्रं ते दुरुस्त करत, आणि त्या खणखणाटात कानांचं मातेरं झालं होतं. पुढे नाणं टाकून खेळायचे पडद्यावरचे खेळ निघाले, तेव्हा लोखंड वाकवण्यापेक्षा चित्रं नाचवणं सोपं हे त्यांच्या लक्षात आलं. चित्रं मी काढायचो. दोघंजण ती हलवायचे. संगीत कुणीच करत नव्हतं. आमचे खेळ तोवर घशात काटा अडकलेल्या मांजरासारखे आवाज काढायचे. हे १९८५ सालचं. खालच्या चपलांच्या डिंकाचा वास दिवसभर वर यायचा आणि आम्हाला जरा जरा चढायचा. आमच्या खेळांतले राक्षस तसे का दिसत, याचं दुसरं काही कारण मला सांगता येणार नाही.

इत्सुए इझुमिओत्सुची. ते गाव ब्लँकेटांचं. तिच्या घरामागच्या शेडमध्ये बापाचे माग होते, आणि ते पहाटेपासून खटखटत असत. त्या घरात हळू बोललेलं कधी कुणाला पोचलंच नाही. आई जेवायला हाक मारायची ती सुद्धा वरच्या पट्टीत, ताणून, गाण्यासारखी; कारण बारीक आणि लांबवलेला आवाजच मागाच्या खटखटीतून पलीकडे जातो. इत्सुए संगीताच्या शाळेत जाऊन आली, मग दोन वर्षं तिने गावातल्या पोरांना पियानो शिकवला. त्या लढाईत पोरं जिंकली. मग तिने आमची जाहिरात वाचली : वाद्य वाजवणारी व्यक्ती हवी, बायका चालतील, दुपारचं जेवण मिळेल.

त्या वेळच्या यंत्रांत आवाज काढणारी एक चिप असायची. तिला एका वेळी तीन सूर काढता येत, आणि चौथा एक वाफ सुटल्यासारखा फस्स. बस. हे सांगायला मला लाज वाटत होती; संगीत शिकलेली बाई, आता रडते की काय.

"तीन?" ती म्हणाली. "आमच्या घरी जेवताना तीन माणसं एकदम ओरडतात. त्यात सगळं सांगून होतं. आणि हा फस्स म्हणजे आमचे बाबा."

तिच्या धुना गोंगाटातून पलीकडे जायच्या. खेळांच्या दुकानात वीस यंत्रं एकदम किंचाळत असत, पण दारातून आत आलेल्या माणसाला आमचं यंत्र ऐकू यायचं. पहिला खेळ होता टपाल वाटणाऱ्या कासवाचा. कासव मेलं की चार सेकंद एक धून वाजायची. इतकी निर्लज्ज, इतकी दात काढणारी धून मी त्याआधी ऐकली नव्हती. मेलेल्या कासवाला बघून यंत्रच हसतंय असं वाटायचं, आणि माणूस चिडून पुन्हा नाणं टाकायचा. वर्षभरात ती धून ओसाकाभर झाली. रस्त्यात कुणाची सायकल घसरली की बघणारे ती गुणगुणायचे. माझ्या दातांच्या डॉक्टरांनी भलताच दात उपटला आणि नंतर नकळत तीच धून गुणगुणले. तोंड सुन्न होतं, म्हणून मला काही बोलता आलं नाही.

एवढं झाल्यावर इत्सुएचं नाव व्हायला हवं होतं. पण तेव्हा सगळ्याच कंपन्यांना एक भीती असायची : आपलं माणूस चांगलं आहे हे बाहेर कळलं की दुसरी कंपनी ते पळवणार. म्हणून खेळ संपल्यावर पडद्यावर जी नावं यायची ती खोटी असायची. माझं नाव 'ओला ब्रश' होतं. इत्सुएचं नाव ठरवायची वेळ आली तेव्हा मालक डबा खात होते आणि त्यांच्या जेवायच्या काड्यांत मुळ्याच्या लोणच्याची एक फोड होती.

"लोणचेकाका," मालक म्हणाले.

"मी बाई आहे," इत्सुए म्हणाली.

"म्हणूनच तर! कुणाला संशय येणार नाही."

तीन वर्षांनी तोक्योच्या एका मासिकाचा वार्ताहर लोणचेकाकांची मुलाखत घ्यायला आला. मालकांची पाचावर धारण बसली. नाही म्हणावं तर फुकटची प्रसिद्धी जाते, हो म्हणावं तर इत्सुए उघडी पडते. शेवटी त्यांनी बायकोच्या भावाला बोलावून घेतलं. तो साकाईत मासे धरायचे गळ विकायचा. त्याला छातीपर्यंत दाढी होती आणि संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"तुम्हाला सूर कुठून सुचतात, काका?" वार्ताहराने विचारलं.

मेहुण्याने दाढी कुरवाळली. "समुद्रातून. गळ टाकायचा आणि गप्प बसायचं."

"आणि तीन सुरांत एवढं सगळं कसं बसवता?"

"घट्ट दाबून."

वार्ताहर भराभर लिहून घेत होता. तेवढ्यात इत्सुए चहा घेऊन आली. मालकांनीच तिला सांगितलं होतं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणे. मी आपला टेबलाखाली जायच्या तयारीत. तिने शांतपणे कप ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "काका, कासव मरतं तेव्हा शेवटी खालचा सूर टुणकन उडी मारतो ना, ती उडी कशी सुचली हो तुम्हाला?"

मेहुणा गडबडला. "उडी... मासा मारतो तशी उडी."

"वा!" वार्ताहर म्हणाला. मग इत्सुएकडे वळून, "बाई, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

तो अंक निघाला, आणि मेहुण्याच्या दुकानात गळ घेणाऱ्यांपेक्षा सही मागणाऱ्यांची गर्दी जास्त झाली. त्याने सह्या दिल्या. वर म्हणतो कसा, मला आता थोडं थोडं सुचायलाही लागलंय.

त्या अंकाने इत्सुएचं लग्नही मोडलं. तिच्या आईने एक स्थळ काढलं होतं. गावच्या पतपेढीतला कारकून, नागिरा नावाचा, नाकीडोळी नीटस. साकाईतल्या एका हॉटेलात दोन्हीकडच्या आया, मुलगा, मुलगी असे केक समोर घेऊन बसले. बोलता बोलता मुलाच्या काट्यावरचा केक घसरून थेट टायवर पडला. त्याने लाजून ती कासवाची धून गुणगुणली.

इत्सुएला तो त्या क्षणी आवडला, हे तिने मला स्वतः सांगितलंय. ती म्हणाली, "ती माझी आहे."

"काय?"

"ती धून. मी केलीय."

नागिरा समजूतदारपणे हसला. वेड्या माणसाशी बोलताना आपण हसतो तसं. "नाही हो. ती लोणचेकाकांची. माझ्याकडे तो अंक आहे. त्यांना समुद्रातून सुचतं."

"तो गळ विकतो!" इत्सुए ओरडली. मागाच्या शेडमधला आवाज तो. हॉटेलातले चमचे जागच्या जागी थांबले, स्वयंपाकघरातून आचारी बाहेर आला. नागिराच्या आईने पर्स मांडीवर घेतली आणि ती मग काही खाली ठेवली नाही.

घरी जाताना आई म्हणाली, "मुलगा बरा होता गं. वाचन आहे त्याला."

"तेच तर झालं ना!" इत्सुए म्हणाली.

१९९१ साली खेळ तबकडीवर यायला लागले. आता तीन सुरांची कटकट नव्हती, यंत्रातून खरं गाणं ऐकवता येणार होतं. मालकांना एकदम मोठेपणाची हुक्की आली. 'बुडालेलं नगर' नावाचा खेळ काढायचा, त्यात पाण्याखालच्या देवळात हजार वर्षं एकटी राहिलेली एक पुजारीण, आणि तिच्या तोंडी एक गाणं. चाल इत्सुएने केली. ती चाल ऐकून मी पुजारणीचा चेहरा पुसून पुन्हा काढला, एवढंच सांगतो. गायला मात्र तोक्योची एक गायिका ठरली, रुरि नावाची. तिच्याबरोबर तिचा व्यवस्थापक आला, आणि व्यवस्थापकाच्या पेटीत तोक्योच्या कवीने लिहिलेलं गाणं.

ध्वनिमुद्रण दुपारी होतं. त्याआधी पाहुणचार म्हणून मालक रुरिला कोपऱ्यावरच्या टपरीवर ताकोयाकी खायला घेऊन गेले. ऑक्टोपसचा तुकडा पोटात घातलेले ते गोळे तव्यावरून उतरतात तेव्हा बाहेरून साधेभोळे दिसतात आणि आत ज्वालामुखी असतो. ओसाकातलं शेंबडं पोरही तो आधी फोडतं, फुंकतं, मग खातं. रुरिने आख्खा तोंडात टाकला. आमच्यापैकी कुणीही तो पचकन थुंकला असता. पण ती चांगल्या घरातली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना तिने तोंड मिटून तो संपवला, आणि "फार छान आहे" म्हणायला गेली तेव्हा तोंडातून नुसती हवा आली. जीभ, टाळू, सगळं सोललं.

व्यवस्थापकाने तिला उचललं आणि जाताना गाणंही उचललं. ते कवीचं, कवी त्यांचा. स्टुडिओ संध्याकाळपर्यंत आमचा होता. वादक बसले होते. मालक घाम पुसत आत आले.

"इत्सुए, तू गा."

"आणि शब्द?"

"शब्दांचं काय एवढं? हजार वर्षं पाण्याखाली आहे ती बया. ती काय बोलते हे कुणाच्या बापाला कळणार आहे?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तो ऑगस्ट होता आणि महिनाभर कचेरीतला पंखा बंद होता. मालकांना माणसांचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण पंख्याची घरघर तेवढी नेमकी ऐकू यायची आणि तिने म्हणे त्यांचं डोकं उठायचं. महिनाभर आम्ही डिंकाच्या वाफेत उकडून निघत होतो. त्यातून इत्सुएने वर्षभर पगारवाढ मागितली होती आणि प्रत्येक वेळी मालकांना नेमकं तेवढंच ऐकू आलं नव्हतं.

ती काचेपलीकडच्या खोलीत गेली. कानांवर यंत्र चढवलं. डोळे मिटले, आणि गायला लागली. मूळ शब्द आमच्या बोलीतले. तुम्हाला उलगडावेत म्हणून त्याच अर्थाचे, त्याच युक्तीने केलेले देतो :

तेजा रीघ मी, तेजा रीघ मी,
वला खापं, वला खापं,
वढवा रगाप, ल्याकट,
ल्यामे टकचि.

माझ्या अंगावर काटा आला. तिचा आवाज रुरिसारखा मऊ नव्हता. त्याला कडा होत्या, तो वर गेला की जरासा फाटायचा, आणि त्या फटीतून काहीतरी फार जुनं, फार दुरून येतंय असं वाटायचं. सारंगीसारखं काहीतरी वाजवणारा म्हातारा वादक वाजवता वाजवता रडला. मालक तर हात जोडून उभे होते.

"कुठली भाषा ही?" त्यांनी ती बाहेर आल्यावर विचारलं.

"बुडालेल्या नगराची," इत्सुए म्हणाली आणि पाणी प्यायला जिन्यात गेली. मी मागोमाग गेलो. ती भिंतीला टेकून तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

"अरे तोकोरो, उलटं वाच," ती म्हणाली.

मी उलटं वाचलं. एकेक ओळ, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे. मी घरी जाते. पंखा लाव. टकल्या, पगार वाढव. चिकट मेल्या.

मागावरच्या बायकांची ही जुनी खोड, तिने सांगितलं. मुकादम समोर उभा असला की त्याच्याबद्दल असंच उलटं बोलायचं. लहानपणी शेडमध्ये खेळता खेळता ती हे शिकली आणि मग तिला ते सरळ बोलण्याइतकंच सहज यायला लागलं.

खेळ बेताचाच चालला. गाण्याने मात्र कहर केला. रेडिओवर लागलं. एका हायस्कूलच्या मास्तरांनी लेख लिहिला की 'तेजा रीघ मी' हे दक्षिणेकडच्या बेटांवरच्या कोळ्यांचं सूर्यस्तोत्र असून 'ल्याकट' ही त्यांची जलदेवता. मग एका मुलींच्या शाळेने ते समूहगानाच्या स्पर्धेत घेतलं. इत्सुए मला घेऊन ऐकायला गेली. चाळीस मुली पांढरे सदरे घालून, हात छातीवर ठेवून, चार आवाजांत 'ल्यामे टकचि' म्हणत होत्या आणि पालक डोळे टिपत होते. आम्ही दुसऱ्या कडव्याला बाहेर पडलो. आणखी थांबलो असतो तर हसू फुटलं असतं आणि लोकांनीच हाकलून काढलं असतं.

खेळाच्या शेवटी पडद्यावर यायचं : संगीत, लोणचेकाका. गायिका, अज्ञात.

त्यानंतर दर वर्षअखेरच्या मेजवानीत मालक दोन पेले पोटात गेले की टेबल ठोकायचे. "इत्सुए, ते स्तोत्र होऊ दे!" ती उभी राहायची. दुसऱ्या वेळेपर्यंत सगळ्या कचेरीला पाठ झालं होतं, त्यामुळे सगळे तालात 'वढवा रगाप' ओरडायचे आणि मालक डोळे मिटून मान डोलवायचे. अर्थ ठाऊक असणारे फक्त आम्ही दोघं. मला त्या मेजवान्यांत पोटात कळ येईपर्यंत हसू दाबावं लागायचं. लोकांना वाटायचं मला दारू सोसत नाही.

१९९८ साली कंपनी बुडाली. मालकांनी सगळ्यांना जमवलं, कमरेत वाकून माफी मागितली, आणि स्वतः उडोनच्या जाड शेवयांचा एकेक वाडगा वाढला. इत्सुएने वाडगा संपवला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." तिचे डोळे लाल होते.

पुढची वर्षं तिने मिळेल ते केलं. पाचिंकोच्या यंत्रांना धुना दिल्या, मोबाईलच्या घंटा केल्या. एका दुकानाच्या मासळी विभागात दिवसभर स्पीकरमधून एक बाई स्क्विडचं कौतुक गाते ना, ती तीच. संडासात बसल्यावर बाहेर आवाज जाऊ नये म्हणून भिंतीतून पाण्याची खळखळ ऐकवणारी पेटी असते; तसल्या एका पेटीच्या खळखळीसाठी तिला बोलावलं होतं. तीन दिवस नदीवर जाऊन ती आवाज टिपून आली, तर साहेब म्हणाला, हे फारच खरं वाटतं, लोकांना लागून राहील. "लागण्यासाठीच बसलेत ना ते?" इत्सुएने विचारलं. ते काम गेलं.

लग्न तिने केलं नाही. गाणी मात्र स्वतःची लिहीत होती, सरळ भाषेतली. कुणाला ऐकवायची नाही. मला ऐकवायची, आणि मी बरं म्हटलं की चिडायची.

२०१२च्या हिवाळ्यात हिगाकी गेले. झोपेत, शांतपणे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचा, फुसाकोबाईंचा, इत्सुएला फोन आला. "यांचं आवडतं गाणं होतं ते. उद्या निरोपाच्या वेळी गाशील ना गं?"

इत्सुए हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? मग मला फोन करून किंचाळली, "तोकोरो, मी त्या माणसाच्या प्रेतासमोर उभी राहून चिकट मेल्या म्हणू?"

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळणार आहे ना! आणि तो तिथेच पडलेला असणार!"

"मग दुसरं काहीतरी गा."

"तसं बोलून बघितलं. बाई म्हणाल्या, नको, तेच."

सभागृहात फुलांच्या राशीत मालकांचा फोटो होता. फोटो काढणाऱ्याने टक्कल अगदी चमकवून काढलं होतं. भटजींचं सूत्रपठण झालं, उदबत्त्या झाल्या, आणि इत्सुए काळ्या पोशाखात पुढे गेली. साथीला काही नाही. पहिली ओळ तिने नीट म्हटली. पंख्यापाशी तिचा आवाज हलला. मला वाटलं हसतेय, पण पाठमोरी होती, दिसेना. 'ल्याकट'ला ती वर गेली, आवाज तसाच फाटला, आणि मग पुन्हा 'तेजा रीघ मी' वर आली तेव्हा इतकी सावकाश म्हणाली की मला त्या ओळीचा अर्थ पहिल्यांदा ऐकू आल्यासारखा झाला. मी रडलो. जुनी सगळी कचेरी रडली. गळ विकणारा मेहुणा तर इतका मोठ्याने रडला की दाढी भिजली. भटजींनी डोळे मिटून हात जोडले.

नंतर जेवणं सुरू झाली. फुसाकोबाई आमच्या टेबलापाशी येऊन बसल्या आणि त्यांनी इत्सुएच्या पेल्यात बीअर ओतली.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "चिकट मेल्या जरा घाईत म्हणालीस."

इत्सुएच्या हातातल्या काड्या खाली पडल्या.

"मी पोरवयात तुझ्या गावाशेजारी इझुमीत मागावर होते गं," फुसाकोबाई म्हणाल्या. "तबकडी घरी आणून लावली ना यांनी, तेव्हा पहिल्या ओळीलाच मला कळलं. चाळीस वर्षं मीही तेच म्हणत आले यांना. माझं सुरात नसायचं, एवढंच."

"मग... मालकांना..."

"त्याच दिवशी सांगितलं की! इतके हसले, इतके हसले, की कवळी निघून न्हाणीघराच्या टबात पडली. आणि मला म्हणाले, तिला बोलू नकोस हं. कळलं तर सरळ शिव्या द्यायला लागेल."

"आणि पगार?" मी विचारलं. "तो का नाही वाढवला मग?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, आत्ताच इतकं चांगलं गाणं झालंय. वाढवला तर पुढचं बिघडेल."

इत्सुएच्या मानेवर लाली चढत चालली होती. मला ती लाली माहीत होती. मी माझा पेला उचलून सुरक्षित जागी ठेवला.

"म्हणजे दर वर्षी," ती म्हणाली, "दर वर्षी माहीत असून त्याने मला उभं केलं? आणि डोळे मिटून मान डोलवली?"

"फार आवडायचं त्यांना ते," फुसाकोबाई म्हणाल्या.

इत्सुए उठली आणि ताडताड सभागृहात परत गेली. आम्ही मागे धावलो. शवपेटीला चेहऱ्यापाशी छोटी खिडकी असते; तिच्यावर वाकून, मागाच्या शेडमधल्या त्या आवाजात, ती सरळ भाषेत ओरडली, "टकल्या! चिकट मेल्या! पगार वाढव!"

फुलं लावणारी माणसं गोठली. भटजींच्या हातातली जपमाळ खाली पडली. फुसाकोबाई दारात उभ्या राहून पदरासारखा रुमाल तोंडाला लावून हसत होत्या. इत्सुए तशीच वाकून थांबली होती, जणू उत्तर यायचं होतं. मग तिने नाक पुसलं, फुलांतलं एक पांढरं शेवंतीचं फूल नीट करून ठेवलं आणि जेवायला परत आली. त्या दिवशी ती भरपूर जेवली.

पुढच्या वर्षी पन्नाशीला तिने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गाण्यांची पहिली तबकडी काढली. आवरणावरचं चित्र माझं. फारशी खपली नाही. पण क्योबाशीत एका दारूच्या दुकानावर चाळीस माणसं बसतील एवढी खोली आहे, तिथे ती महिन्यातून एकदा गायला लागली आणि खोली भरायला लागली. कासवापासून तिच्या धुनांवर वाढलेली माणसं येत, आता त्यांचीही टकलं झालेली. लोणचेकाका ही बाई आहे हे कळल्यावर काहींना धक्का बसायचा. एकाने जुना अंक आणून मेहुण्याच्या फोटोवर तिची सही मागितली. तिने आधी त्या फोटोला मिशा वाढवल्या, मग सही केली.

ते पुजारणीचं गाणं दर वेळी मागितलं जायचं. एकदा कंटाळून तिने गाण्याआधी सगळा अर्थ सांगून टाकला : पंखा, पगार, सगळं. लोक हसले. पण पहिल्या रांगेत एक गृहस्थ गंभीर बसले होते. स्तोत्राचा लेख लिहिणारे तेच मास्तर, आता निवृत्त. कार्यक्रम संपल्यावर ते तिला भेटले.

"आपली गंमत आवडली," ते अदबीने म्हणाले. "पण गाणाऱ्याला अर्थ कळलाच पाहिजे असं काही नसतं. आपल्या तोंडून ते आलं, एवढं पुरे."

मला वाटलं, आता हॉटेलातल्यासारखे चमचे थांबणार. पण इत्सुएने शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि ती म्हणाली, "मास्तर, बसा. काय पिणार?" ते हल्ली दर महिन्याला येतात. दोघं भांडतात. ल्याकट देवी आहे की टकल्या, यावर परवा तर मास्तरांनी नकाशा आणला होता.

मागच्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. साधी होती, काढली. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. इत्सुए गळ्यात शिट्टी अडकवून फिरायला लागली. एकदा वाजवली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि लांब वाजवली म्हणजे तोकोरो, तू गाढव आहेस. त्या महिन्यात मला लांब शिट्ट्याच फार ऐकाव्या लागल्या. मास्तर रोज सूप घेऊन जायचे.

आवाज परत आला तो खाली उतरून. वरचा तो फाटणारा सूर गेला. पहिल्या कार्यक्रमाआधी ती दोन दिवस घराबाहेर पडली नाही. मी दार वाजवलं तर आतून शिट्टी. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा सगळीकडे कागद पसरले होते. प्रत्येक गाणं तिने खालच्या पट्टीत पुन्हा बांधलं होतं.

"ऐक," ती म्हणाली आणि पियानोवर बसली. पुजारणीचं गाणं तिने म्हटलं. आता पुजारीण म्हातारी वाटत होती, आणि चिडकी, आणि तिला पाण्याखाली राहायची सवय झाल्यासारखी.

"बरं झालंय," मी म्हटलं.

"बरं?" ती ओरडली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने छत ठोकलं.